जांभळी इंडिका हिरवीच राहते, किंवा भलत्याच ठिकाणी जांभळी होते: काय तपासायचं

दर सप्टेंबरमध्ये कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या आपल्या बागकामवाल्या मराठी मंडळींकडून मला तोच प्रश्न येतो. इंडिका जातीच्या गांजाच्या बियांच्या पाकिटावर गडद जांभळ्या तुऱ्याचा फोटो होता, नावातही 'पर्पल' होतं, आणि घरामागच्या कुंडीतलं झाड मात्र मेथीच्या जुडीसारखं हिरवंगार. फुलं भरली, वास सुटला, रंगाचा पत्ता नाही. त्याच सुमारास दुसऱ्या कुणाचा तरी फोटो येतो. त्यात पानांचे देठ जांभळे, खालची पानं काळपट, आणि सोबत आनंदाने लिहिलेलं असतं, "रंग आला!" मला या दुसऱ्या फोटोची जास्त काळजी वाटते.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. रंग बियाण्यात असतो. थंडी तो वर आणायला मदत करते, बियाण्यात नसलेला रंग ती तयार करू शकत नाही. आणि रंगासाठी झाडाला गारठवण्याच्या नादात तयार झालेलं पीक बुरशीला देणारे लोक दर वर्षी दिसतात. म्हणून खाली जे लिहितोय त्यात रंग आणायचे उपाय कमी आणि झाड वाचवायचे जास्त आहेत.

आधी कायद्याचं बोलून घेऊ. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून सज्ञान माणसाला स्वतःपुरता गांजा घरी लावता येतो. मर्यादा घरटी चार झाडांची आहे, घरात माणसं कितीही असोत. बी किंवा रोप परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यायचं. ओंटारियोत वय १९ पूर्ण हवं. क्युबेक प्रांताने घरी लावायला बंदी घातली आहे आणि ती बंदी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वैध ठरवली. भाड्याच्या घरात किंवा काँडोत राहत असाल तर करार आणि सोसायटीचे नियम वाचून घ्या. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन झाडांची मुभा आहे. भारतात मात्र अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायदा, १९८५ खाली गांजाची लागवड हा गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. पुण्या-नाशिकच्या वाचकांनी हे फक्त माहिती म्हणून वाचावं. इथल्या कुणी चार बिया खिशात टाकून मुंबईचं विमान पकडायचा विचारही करू नये. देशाची हद्द ओलांडून गांजा किंवा त्याच्या बिया नेणं हा कॅनडाच्या कायद्यानेही गुन्हाच आहे.

रंग येतो कुठून

जांभूळ, कोकम, काळी द्राक्षं, वांग्याची साल यांना रंग देणारा जो रंगद्रव्यांचा गट आहे, तोच इथेही काम करतो: अँथोसायनिन. ही द्रव्यं पाण्यात विरघळतात आणि पेशीच्या आतल्या पाणीदार पोकळीत साठतात. उन्हाळाभर हिरवं हरितद्रव्य त्यांच्यावर मात करतं. शरद ऋतूत दिवस लहान होतात, झाड पिकू लागतं, हरितद्रव्य मोडायला लागतं, आणि त्याच वेळी गार रात्री व स्वच्छ उजेड मिळाला तर काही वाणांत अँथोसायनिन जोरात तयार होतं. नाशिक-सांगलीकडच्या काळ्या द्राक्षांच्या बागायतदाराला हे समजावावं लागत नाही. मणी रंगावर येताना उकाडा राहिला की घड नीट रंग धरत नाही, हे त्याला पाठ असतं.

मातीचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कता, बदलला की गांजाची फुलं जांभळी होतात, असं बरेच जण सांगतात. हायड्रेंजियाच्या झुडपाची फुलं मातीच्या पीएचप्रमाणे रंग बदलतात, तो अनुभव लोक इकडे लावतात. अँथोसायनिनची छटा आम्ल-अल्कतेप्रमाणे बदलते हे खरं, पण ती पेशीच्या आतल्या रसाच्या पीएचवर अवलंबून असते. कुंडीत लिंबू पिळून किंवा व्हिनेगर ओतून तिथपर्यंत पोचता येत नाही, मुळं मात्र दुखावतात.

आता 'इंडिका' या नावाबद्दल थोडं, कारण पुढे त्याचा उपयोग आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १७८५ मध्ये भारतातून आलेल्या नमुन्यांवरून हे नाव ठेवलं. आज बाजारात ज्या बुटक्या, रुंद पानांच्या, घट्ट तुऱ्यांच्या झाडांना आपण इंडिका म्हणतो, त्यांचं मूळ मात्र हिंदुकुशच्या डोंगरात, अफगाणिस्तानाच्या बाजूला आहे. तिथे शरदात दिवसा कडक ऊन, रात्री गारठा आणि हवा कोरडी. घट्ट तुरा तिथे निभावतो. सरोवरांच्या काठची आपली ओंटारियोतली ऑक्टोबरची हवा गार असते आणि दमटही. झाडाच्या अंगात गारठ्याची तयारी आहे, दमटपणाची नाही. निम्म्या अडचणी इथूनच सुरू होतात.

हिरवंच राहिलंय: या क्रमाने बघा

घरात दिव्याखाली वाढवत असाल तर सगळ्यात आधी दिवा बंद करा. जांभळट-गुलाबी उजेडाच्या एलईडीखाली झाडाचा खरा रंग कळतच नाही. हिरवं झाड काळं दिसतं आणि जांभळं झाडही काळंच दिसतं. एक छोटा तुरा खुडून खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात आणा आणि बोटांनी उलगडून बघा. बऱ्याचदा बाहेरची बारीक पानं हिरवी असतात आणि आतल्या फुलांच्या आवरणांवर जांभळी छटा असते. तेवढी छटा असेल तर बियाण्यात रंग आहे, फक्त धीर हवा.

मग बियाणं. 'पर्पल कुश', 'ग्रँडडॅडी पर्पल' ही कॅलिफोर्नियाकडून आलेली जुनी, नावाजलेली नावं. पण आज त्या नावाने मिळणारं प्रत्येक पाकीट म्हणजे तेच झाड नव्हे. एकाच पाकिटातल्या चार बिया म्हणजे चार भावंडं. एक आजीवर जातं, एक आजोबांवर. दोन गर्द जांभळी, एक फिकट आणि एक ठार हिरवं निघालं तर विक्रेत्याने फसवलं असा अर्थ होत नाही. नक्की रंग हवा असेल तर रंगलेल्या झाडाचं कलम घ्यावं लागतं, कारण कलम म्हणजे त्याच झाडाची हुबेहूब प्रत. कलमावर वाढवलेलं झाड हिरवं राहिलं तर दोष हवामानाचा किंवा खताचा. बियांवरचं झाड हिरवं राहिलं आणि त्याच जागेतली बाकीची रंगली, तर ते झाड हिरवंच असणार. त्याच्यामागे लागू नका. हिरवा तुरा वासाला, चवीला तितकाच चांगला असू शकतो.

नंतर वेळ. रंग साधारण फुलोऱ्याच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत चढतो. घरात १२ तास उजेड आणि १२ तास अंधार दिल्यावर इंडिका वाण सहसा आठ-नऊ आठवड्यांत तयार होतात. चौथ्या आठवड्यात "अजून हिरवंच" म्हणून कासावीस होण्यात अर्थ नाही. बाहेर लावलेल्या झाडांचं पिकणं दक्षिण ओंटारियोत सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालतं.

ऑटोफ्लॉवर वाणांचं गणित निराळं, आणि ही तक्रार खूप येते. ही झाडं दिवसाच्या लांबीची वाट पाहत नाहीत, बी रुजल्यापासून साधारण दहा आठवड्यांत तयार होतात. मेच्या मध्यात लावलं की जुलैअखेर काढणीला. म्हणजे रंग धरायच्या नेमक्या दिवसांत रात्रीसुद्धा घाम निघणारा उकाडा. तेच बी जूनच्या शेवटी लावलं तर पिकणं सप्टेंबरच्या गार रात्रींत येतं. खर्च शून्य, आणि माझ्या मते ऑटोफ्लॉवरवाल्यांसाठी याहून चांगला उपाय नाही.

खताकडेही बघा. फुलोऱ्याच्या उत्तरार्धातही नत्र (नायट्रोजन) जोरात चालू असेल तर पानं शेवटपर्यंत गर्द हिरवी आणि टोकं खाली वळलेली राहतात. हरितद्रव्य मोडायला झाडाला सवडच मिळत नाही. शेवटच्या तीनेक आठवड्यांत नत्राचा हात आखडता घ्या. पूर्ण उपाशी मात्र ठेवू नका. खालची दोन-चार मोठी पानं पिवळी पडू लागली की समजा बरोबर चाललंय.

हे सगळं ठीक असेल, तरच तापमानाकडे वळायचं.

थर्मामीटर, आणि त्याच्या शेजारचा दुसरा काटा

घरात झाडं वाढवायच्या बंदिस्त तंबूत, म्हणजे टेंटमध्ये, दिवसा २३ ते २५ अंश आणि रात्री १६ ते १८ अंश, असा सात-आठ अंशांचा फरक शेवटच्या दोन आठवड्यांत पुरतो. बियाण्यात रंग असेल तर एवढ्याने येतो. त्याखाली उतरून रंग फारसा वाढत नाही. दहा अंशांच्या आसपास झाडाची वाढच थंडावते आणि मुळं अन्न उचलणं कमी करतात. कुंडीत बर्फाचं पाणी घालायची जी टूम आहे ती तर सरळ बंद करा. गार पडतात ती मुळं, आणि रंग हवा असतो शेंड्याला.

आता खरा धोका. हवा गार झाली की तिची पाणी धरून ठेवायची ताकद कमी होते. टेंटमध्ये दिवसा २५ अंश आणि ५० टक्के दमटपणा आहे, काटा बघून आपण समाधानी असतो. दिवा बंद झाला, खिडकी उघडली, तापमान १५ वर आलं. आत पाण्याचा एक थेंबही वाढला नाही, तरी दमटपणा ९३ टक्क्यांच्या आसपास जातो. आणखी एक अंश उतरला की पानांवर दव. एवढ्या दमट हवेत हिंदुकुशच्या घट्ट तुऱ्याच्या पोटात काय होईल ते वेगळं सांगायला नको. तीच हवा दिवसा ४० टक्क्यांवर ठेवली आणि रात्री १८ अंशांवर थांबलो, तर रात्रीचा दमटपणा साठ-एकसष्ट टक्क्यांवर राहतो. दोन्हीकडे रात्र गारच असते, पण एकीकडे पीक घरात येतं आणि दुसरीकडे कचऱ्यात जातं.

म्हणून माझा आग्रह असा, की तापमान उतरवायच्या आधी हवेतला दमटपणा ओढून घेणारा डिह्युमिडिफायर आणा. तो रात्री चालू हवा. बरेच जण वीज वाचवायला दिव्याबरोबर तोही बंद करतात, आणि नेमके तेच तास धोक्याचे असतात. हवा बाहेर फेकणारा पंखा अंधारातही चालू ठेवा. पाणी सकाळी दिवा लागल्यावर द्या, संध्याकाळी नको. तुऱ्यांच्या मधली, एकमेकांना चिकटलेली मोठी पानं काढून टाका म्हणजे वारं आरपार फिरेल. दमटपणा मोजणारं यंत्र टेंटच्या दाराशी न टांगता तुऱ्यांच्या उंचीवर, झाडांच्या मधोमध टांगा, आणि रात्रीचा सर्वाधिक आकडा लक्षात ठेवणारं घ्या. दिवसाच्या आकड्यावरून काहीच कळत नाही.

बाहेरच्या कुंड्यांना सकाळी हलकं हलवून दव झाडून टाका. पावसाचा अंदाज असेल तर पत्र्याखाली घ्या. दंव, म्हणजे गोठलेलं दव (फ्रॉस्ट), पडायची रात्र असेल तर गॅरेजमध्ये, पण तिथला दिवा रात्री अजिबात लावू नका, फुलोऱ्यातल्या झाडाची लय बिघडते. आणि दंवाने रंग येतो हा समज सोडून द्या. कडक दंव बसलं की पेशी फुटतात. सकाळी पानं काळपट, पाणी सुटल्यासारखी, लोंबलेली दिसतात. तो काळपटपणा म्हणजे अँथोसायनिन नव्हे, मेलेलं पान असतं. असं झालं तर त्याच दिवशी कापणी करा.

जांभळं झालंय, पण चुकीच्या जागी

रंग कुठे आला आणि कधी आला, या दोन प्रश्नांवर निदान ठरतं. शेवटच्या आठवड्यांत, फुलांवर आणि तुऱ्यातल्या बारीक पानांवर, सगळीकडे साधारण सारखा रंग, आणि पानं टवटवीत: तो बियाण्याचा रंग, आनंद माना. वाढीच्या दिवसांत, जून-जुलैत, खालच्या जुन्या पानांवर किंवा देठांवर जांभळी झाक, पानं निळसर गर्द, त्यांवर तांबूस-तपकिरी डाग, आणि झाड जागच्या जागी थबकलेलं: ही स्फुरदाची (फॉस्फरसची) उपासमार. फक्त देठांवर रेघा आहेत आणि बाकी झाड जोमात आहे, तर ती बहुधा त्या वाणाची सवय. तिच्याकडे दुर्लक्ष करा.

गावाकडे शेती असेल तर ही लक्षणं तुम्ही लहानपणापासून पाहिली आहेत. गार जमिनीत उगवलेल्या मक्याची कोवळी पानं जांभळी पडतात, कारण मुळांना स्फुरद उचलता येत नाही. विदर्भात कपाशीवर लाल्या येतो, पानं लालेलाल होतात. त्यामागे मॅग्नेशियमची किंवा नत्राची कमतरता आणि रात्रीचं तापमान एकदम उतरणं अशी कारणं असतात. तिथे कुणी "कपाशीला काय सुरेख रंग आला" म्हणत नाही, लगेच काय कमी पडलं ते शोधतात. गांजाच्या झाडाकडेही तसंच बघायला हवं. ताण पडला की अँथोसायनिन वाढतं, हा वनस्पतींचा सर्वसाधारण स्वभाव आहे.

स्फुरदाच्या लक्षणांवर लगेच खताची पिशवी उघडू नका. मातीत स्फुरद सहसा असतोच, तो मुळांना मिळत नसतो. आधी कुंडीतून निथळलेल्या पाण्याचा पीएच बघा. मातीसाठी ६.० ते ६.८, कोकोपीटसाठी ५.५ ते ६.२ च्या आसपास हवा. मग कुंडी कशावर ठेवली आहे ते बघा. तळघरातल्या उघड्या काँक्रीटवर ठेवलेल्या कुंडीची माती हवेपेक्षा कितीतरी गार असते. खाली लाकडी फळी किंवा थर्माकोलचा तुकडा सरकवला की आठवडाभरात नवीन पानं सुधारलेली दिसतात. मग पाणी. सतत चिंब राहिलेल्या मातीत मुळं गुदमरतात आणि लक्षणं तीच दिसतात. हे तिन्ही ठीक असूनही नवीन पानांवर झाक येत राहिली, तरच स्फुरदयुक्त खत, तेही पाकिटावरच्या निम्म्या मात्रेने. जुनी बिघडलेली पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत. सुधारणा नव्या पानांत शोधायची.

रंग समजून ज्याचे फोटो पाठवता, ती बुरशी

हे सावकाश वाचा. जाड तुऱ्याच्या मधोमध एखादंच बारीक पान अचानक वाळलेलं दिसतं. बाकी तुरा ताजा, आणि ते एक पान तपकिरी-करडं. चिमटीत धरून अलगद ओढा. निरोगी पान ताण देतं, हे मात्र काहीच जोर न लावता सुटून हातात येतं. मग तुरा दोन अंगठ्यांनी फाकवा. आत दांड्यापाशी जांभळट-तपकिरी, मऊ पडलेला भाग दिसतो आणि त्यावर राखाडी लव. फुंकर घालू नका, ती लव म्हणजे बीजाणूंचा साठा आहे. ही बॉट्रिटिस, द्राक्षाच्या आणि स्ट्रॉबेरीच्या फळांना कुजवणारीच बुरशी. जांभळ्या वाणात ती उशिरा लक्षात येते, कारण काळपट डाग रंगात मिसळून जातो. म्हणून जांभळी झाडं लावणाऱ्याने शेवटच्या पंधरवड्यात रोज सकाळी प्रत्येक मोठा तुरा पांढऱ्या टॉर्चच्या उजेडात तपासायलाच हवा.

सापडली तर डागाच्या बऱ्याच खाली, चांगल्या भागातून कापा, जागीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, कात्री स्पिरिटने पुसा आणि मग दुसऱ्या तुऱ्याला हात लावा. एकाहून जास्त तुऱ्यांत दिसली आणि आठवडाभर पावसाचा अंदाज आहे, तर पूर्ण पिकायची वाट न पाहता कापणी करणं शहाणपणाचं. बुरशी लागलेला भाग ओढायचा नाही, खायचाही नाही. तुपात कढवला की चालतो असं काही जण म्हणतात, ते चूक आहे. उष्णतेने बुरशी मेली तरी तिने केलेली विषारी द्रव्यं उरू शकतात. दमा असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसासाठी तर बुरशीचा गांजा चांगलाच धोक्याचा. इथे काटकसर करू नका.

भुरीबद्दल थोडक्यात. पानांवर पिठासारखे पांढरे ठिपके, नाशिकच्या द्राक्षबागेत दिसते तशीच. फुलोरा यायच्या आधी दिसली तर पानं काढून हवा खेळती करा. फुलं भरल्यावर तुऱ्यांवर गंधक किंवा कसलीही फवारणी नको, ते शेवटी तुमच्याच पोटात किंवा फुप्फुसात जाणार.

काढणी, वाळवणी आणि हिरवं तूप

रंग पूर्ण चढला म्हणजे पीक तयार, असं नसतं. तयारी बघायची ती फुलांवरच्या राळेच्या बारीक ग्रंथींवरून. साठपट मोठं दाखवणारं छोटं भिंग स्वस्तात मिळतं. ग्रंथींची टोकं काचेसारखी पारदर्शक असतील तर थांबा. बहुतेक दुधाळ आणि काही अंबरी झाली की कापा. जांभळ्या वाणात कधीकधी ही टोकंही जांभळट असतात आणि मागचं पानही गडद असतं, त्यामुळे नीट दिसत नाही. पानावरच्या ग्रंथी सोडून फुलाच्या आवरणावरच्या बघा, आणि पांढऱ्या उजेडात बघा.

छान रंगलेलं झाड वाळवल्यावर तपकिरी झालं, ही तक्रारही नेहमीची. कारण बहुधा घाई. उन्हात, हीटरपाशी किंवा ओव्हनमध्ये वाळवलं की रंग आणि वास दोन्ही जातात. अंधारी खोली, १५ ते २० अंश, ५५ ते ६० टक्के दमटपणा, आणि पंख्याचा झोत थेट तुऱ्यांवर नाही. सात ते चौदा दिवसांत बारीक काडी वाकवल्यावर लवचिकपणे न वळता कट्कन मोडली पाहिजे. मग काचेच्या बरण्या, पाऊण भरलेल्या. पहिला आठवडा रोज थोडा वेळ झाकण उघडा. बरणीत दमटपणा ५८ ते ६२ टक्के असावा. ६५ च्या वर गेला तर माल बाहेर काढून पुन्हा वाळवा. बरणी अंधारात आणि कुलपात ठेवा, घरात लहान मुलं किंवा कुत्रा असेल तर विशेष करून. नीट वाळवलेल्या मालात हिरवा रंग फिकट होतो आणि त्यामुळे जांभळा उलट उठून दिसतो.

आता तुपाचं. धुळवडीच्या आसपास हमखास विचारणा होते: "एवढा जांभळा माल घालून तूप कढवलं, तरी हिरवंच कसं?" तसंच होणार. अँथोसायनिन पाण्यात विरघळतं, तुपात नाही. नशा आणणारं टीएचसी आणि हरितद्रव्य तुपात उतरतात. म्हणजे ज्यासाठी तूप केलं ते उतरलं आहे, रंग मागे चोथ्यात राहिला आहे. तूप बिघडलेलं नाही.

मात्रेबाबत मात्र गंभीरपणे सांगतो. दुकानातल्या खाद्यपदार्थाच्या पाकिटात कॅनडात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी असतं आणि ते छापलेलं असतं. घरच्या तुपावर लेबल नसतं, त्यामुळे चमचाभरात किती आहे ते डोळ्यांनी कळत नाही. आधी अगदी थेंबभर घेऊन बघा. खाल्ल्यावर परिणाम सुरू व्हायला अर्धा ते दोन तास लागतात, पूर्ण चढायला चार तासही लागू शकतात आणि बारा तासांपर्यंत तो टिकू शकतो. "काही झालंच नाही" म्हणून तासाभरात दुसरी वाटी ठंडाई घेणाऱ्यांचीच रात्र वाईट जाते. गाडी त्या दिवशी चालवायची नाही. गरोदरपणात, हृदयाचा त्रास असताना, किंवा घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर यापासून लांबच राहा. न सांगता दुसऱ्याच्या पेल्यात घालणं तर कुठल्याही सणाला माफ नाही.

जांभळा म्हणजे जास्त कडक, हेही डोक्यातून काढा. अँथोसायनिनने नशा चढत नाही. ताकद टीएचसीवर ठरते, वास टर्पीन नावाच्या सुगंधी द्रव्यांवर, आणि या दोन्हींचा रंगाशी नेमका संबंध नाही. 'इंडिका घेतली की झोप' हेही नावावरून ठरत नाही. मला जांभळी झाडं आवडतात ती दिसण्यासाठी. ऑक्टोबरच्या सकाळी, बाहेर मेपल लाल होत असताना, त्या गडद तुऱ्यावर राळेचा पांढरा थर चमकतो तेव्हा तासभर तिथून हलावंसं वाटत नाही. आवड म्हणून हे कारण पुरेसं आहे, त्याला ताकदीच्या गोष्टी जोडायची गरज नाही.

पुढच्या वर्षी तोच रंग हवा असेल तर

चार भावंडांतलं एक झाड मनासारखं रंगलं, तर ते मुळासकट उपटू नका. वरचे तुरे कापा, पण खालच्या दोन-तीन हिरव्या फांद्या पानांसकट ठेवा. कुंडी घरात आणा, १८ तास उजेड द्या, नत्र पुन्हा सुरू करा आणि पाणी बेताने. सुरुवातीला एकाच पात्याची, वेडीवाकडी पानं येतील, घाबरू नका. काही आठवड्यांत नेहमीची पानं दिसायला लागली की त्यावरून कलमं घ्या: पेराच्या खाली तिरका काप, ओल्या कोकोपीटमध्ये खोचून वर पारदर्शक झाकण. मुळं फुटलेलं कलम कायद्याच्या चार झाडांच्या हिशोबात धरा आणि त्याप्रमाणे मूळ झाड ठेवायचं की काढायचं ते ठरवा. कुंडीवर वाणाचं नाव आणि कापणीची तारीख लिहून ठेवा. मेपर्यंत पानांवरून कुठलं झाड कुठलं ते अजिबात ओळखू येत नाही, कारण तेव्हा सगळीच हिरवी असतात.